पक्ष्याच्या बायकोची चौकशी

सकाळी पावणेआठला, डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये आमच्या वसाहतीच्या तोंडाशी गाडी सिग्नलला थांबलेली असताना, माझ्या मुलीनं एका पक्ष्याला सलाम ठोकला. स्वरांगी शेजारच्या सीटवर होती, मांडीवर दप्तर, हातात अर्धा टोस्ट. समोर बसस्टॉपच्या छपरावर एक मॅगपाय येऊन बसला होता. काळापांढरा, लांब शेपटीचा, सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा मान वाकडी करून बघणारा. तिनं टोस्ट डाव्या हातात घेतला, उजव्या हाताची दोन बोटं कपाळाला लावली, काचेतून म्हणाली, “मॉर्निंग, मिस्टर मॅगपाय. हाउज द वाइफ?” आणि पुन्हा खायला लागली. मी म्हटलं, “हे काय केलंस?” “व्हॉट?” “आत्ता. त्या पक्ष्याला.” “ओह, दॅट. एकटा दिसला की बॅड लक, बाबा. सो यू सल्यूट हिम अँड आस्क अबाउट द वाइफ. एव्हरीवन डझ इट.” एव्हरीवन म्हणजे कोण, असं मी विचारलं. बापानं शिक्षकांदेखत लाज आणावी तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. “लाइक, एव्हरीवन. आमच्या मॅथ्सच्या मिस. द बस ड्रायव्हर. बाबा, हाउ डू यू नॉट नो धिस?” सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला नाही. इथे वाजवत नाहीत, निमूट वाट बघतात, आणि त्यामुळे माणूस आणखीच गोंधळतो. मला गिअर सापडेना.

तिला शाळेपाशी सोडून मी पश्चिमेकडच्या मोटरवेला लागलो. डोक्यात एक वाक्य फिरत होतं: पक्ष्यांना सलाम करते, पक्ष्याच्या बायकोची चौकशी करते. वाक्य ओळखीचं होतं, पण कुणाचं ते कळेना. मनात ते दिसत होतं तपकिरी शाईत, उजवीकडे कललेल्या अक्षरात. म्हणजे ते टिझडलचं असायला हवं. टिझडल हा माझा पूर्वज. रक्ताचा नव्हे, खुर्चीचा. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, आणि मी जिथे नोकरी करतो त्या हॉस्पिटलच्या मागे वेड्यांचं दगडी इस्पितळ अजून उभं आहे. रिकामं, खिडक्यांना फळ्या मारलेलं. डॉक्टर टिझडल तिथला अधीक्षक होता, १८६८ पासून १८९१ पर्यंत. इमारत आता विकणार आहेत, म्हणून शनिवारी निरोपाचा कार्यक्रम आहे, आणि त्यात टिझडलवर पंधरा मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या स्टाफरूमच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्याच्या चार नोंदवह्या निघाल्या. महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्या वाचतोय. इतक्या, की मधूनच माझं अक्षर उजवीकडे कलायला लागतं.

टिझडलचा दिवस मला माझ्या दिवसापेक्षा जास्त पाठ झालाय. सहाला घंटा. त्याच्या आधी हा उठलेला, कमरेला किल्ल्या. पहिलं काम दुधात पाणी आहे का ते पाहण्याचं, दुसरं सूप चाखण्याचं. मग चारशेवर माणसांतून फेरी. पुरुषांची बाजू, बायकांची बाजू, शेत, धोबीखाना. कुणाला रात्री बांधून ठेवलं असेल तर त्याची कारणासकट नोंद. दुपारी पत्रं. पंचांच्या मंडळाची परवानगी नसेल तर याला एक रात्रसुद्धा आवाराबाहेर काढता येत नसे. बहिणीच्या लग्नाला जायचा अर्ज केला तो नामंजूर झाला. त्या अर्जाची नक्कल त्यानं नोंदवहीतच लावून ठेवलीय, दोन रोग्यांच्या मधे. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक रोग्यावर एक नोंद लिहायचीच, असा नियम. चारशे माणसं, प्रत्येकाच्या वर्षाला चार नोंदी. सुरुवातीच्या वर्षांत तो चार-पाच ओळी लिहितो, काय खाल्लं, कुणाची आठवण काढली. मग दोन ओळी. मग एक शब्द, ज्याचा मी मनातल्या मनात मराठीत ‘पूर्ववत’ असा अनुवाद केलाय. पूर्ववत, पूर्ववत, पूर्ववत. पानंच्या पानं. वाचताना मला हसू यायचं आणि नंतर झोपही यायची.

भाषणासाठी मी एक किस्सा हेरून ठेवला होता. ब्रिजिट नावाची एक बाई, १८७३ साली आणलेली. तिच्या नोंदीत टिझडल लिहितो की ही बाई घाणेरडं पाणी फेकण्यापूर्वी न दिसणाऱ्या माणसांना ओरडून बाजूला व्हायला सांगते. आता या देशात हे कुणालाही विचारा. पूर्वी खेड्यापाड्यांत अंधार पडल्यावर दाराबाहेर पाणी टाकायचं तर आधी हाक द्यायची पद्धत होती, वाटेवरून जाणाऱ्या अदृश्य मंडळींच्या अंगावर उडू नये म्हणून. ब्रिजिटची आई तसं करत असणार, आजी करत असणार. टिझडल डब्लिनचा, मोठ्या घरातला, त्याला ठाऊक नव्हतं. आठ वर्षं तो तेच लक्षण म्हणून उतरवत राहिला. १८८१ साली मात्र एक नोंद येते: धोबीखान्यातल्या बाईकडून समजलं, की ही चाल या भागात सर्रास आहे. बस. त्यानंतरच्या तिमाहीला काय लिहिलंय? पूर्ववत. ब्रिजिट १९०४ साली तिथेच वारली. मी ठरवलं होतं, इथे जरा थांबायचं, चष्मा काढायचा, आणि लोक हसले की म्हणायचं, पाहा, साहेब चाळीस मैलांवरून आले होते तरी परकेच. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे आमच्या वाईतल्या शाळेत मला पाठ होतं. उपयोग शून्य.

गाडी हॉस्पिटलच्या आवारात शिरली तेव्हा मला कळलं, की वाक्य टिझडलचं नव्हतं. टिझडलच्या वह्यांत पक्षी नाहीतच. मी नोराची फाइल मागवली. नोरा सहासष्ट वर्षांची आहे आणि चौदा वर्षं आमच्याकडे आहे, आधी वॉर्डात, मग आवारातल्या देखरेखीच्या वसतिगृहात. वसतिगृह बंद होतंय. नोराला एक तर तिच्या भावाकडे पाठवायचं, नाहीतर दूरच्या गावी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. भाऊ मायकल सत्तरीचा आहे. दर दुसऱ्या रविवारी येतो, टोपी हातात धरून विचारतो की खोली रंगवून ठेवलीय, मग कसं करायचं. आज अकराला बैठक होती आणि माझं मत मी कालच टाइप करून ठेवलं होतं: नर्सिंग होम. कारण, पक्ष्यांविषयीचे दीर्घकाळचे भ्रम. इतिहास स्पष्ट आहे. नोराला वृद्धाश्रमाचं बसचं तिकीट मी काढून ठेवलं होतं म्हणा ना.

फाइल तीन खंडांत आली. मी मागून पुढे वाचत गेलो. चार वर्षांपूर्वी मी इथे कन्सल्टंट म्हणून परत आलो, तेव्हाची माझी नोंद: जुने भ्रम, पक्षी. त्याच्या आधीच्या डॉक्टरची: पक्षी तिच्याशी बोलतात. त्याच्या आधी कुणी लिहिलं होतं, पक्ष्यांचे आवाज ऐकू येत असावेत. त्याच्याही आधी, पक्ष्यांशी संवाद, पूर्वीच्या नोंदीप्रमाणे. गावात एखादी अफवा दारोदार चहा पीत मोठी होते, तसं हे वाक्य माणसामाणसातून लठ्ठ होत आलेलं. आणि पहिल्या खंडात, सतराव्या पानावर, जानेवारी महिन्यात, निळ्या बॉलपेननं, सरळ उभ्या अक्षरात: पक्ष्यांना सलाम करते, पक्ष्याच्या बायकोची चौकशी करते. खाली सही. सही माझी होती. या देशात येऊन मला तेव्हा तीन महिने झाले होते, इथे ज्युनिअर डॉक्टर होतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. मी काल ‘इतिहास स्पष्ट आहे’ असं लिहिलं ते माझ्याच वाक्यावर विसंबून, आणि ते माझं आहे हे मला कळलंसुद्धा नव्हतं. मी त्या सहीवर बोट ठेवून बसलो. आधी वाटलं, हे कुणीतरी माझं नाव वापरून लिहिलंय. मग वाटलं, नोरा खरंच आजारी होती, पुढचं वाचू तरी.

आणि ती होतीच आजारी! हेच मला सोडवता येईना. तिची आई वारली होती. तिनं तीन आठवडे झोप घेतली नव्हती, नाइटगाऊनवर दलदलीत चालत गेली होती, आई चुलीपाशी बसलीय म्हणत होती, जेवत नव्हती. हे सगळं मी लिहिलं होतं, नीट लिहिलं होतं. पुढे ती बरी होत गेल्याचंही लिहिलं होतं. चार महिन्यांनी झोप नियमित, वजन वाढलं, आईबद्दल बोलताना रडते, योग्य वाटतं. मग तिला तेव्हाच घरी का सोडलं नाही? खाली कारण होतं: पक्षी चालू आहेत. औषध वाढवलं. पुढच्या महिन्यात आनंदानं लिहिलेलं, पक्ष्यांना सलाम पूर्ण बंद, औषधाला प्रतिसाद उत्तम, हाच डोस चालू ठेवावा. तो चौदा वर्षं चालू राहिला. मधे एके ठिकाणी, उजव्या हाताच्या बोटांची कार्डिगनच्या खिशात सतत हालचाल, औषधाचा दुष्परिणाम, म्हणून त्यावर आणखी एक गोळी. या सगळ्यातून माझं एक वाक्य ओढून काढलं तर किती वर्षं सुटी होतात? बारा? दोन? एकही नाही? मी कागद घेऊन मांडायला लागलो, पण धागा ओढावा तर सगळीच वीण यायची. दुःखाची वर्षं कुठली, आजाराची कुठली आणि माझी कुठली, हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं. टिझडलनं तरी १८८१ च्या त्या संध्याकाळी काय केलं असेल? किल्ल्या काढून ठेवल्या असतील, सूप चाखलं असेल. मग तिमाही आली असेल, आणि चारशे माणसांपैकी ब्रिजिटचं पान आलं असेल.

आयलीन आत आली. ती इथली सगळ्यात जुनी नर्स. तीस वर्षं झाली तिला, आणि मी नवखा असताना ओव्हरकोट कुठून घ्यावा हे तिनंच सांगितलं होतं. मी विचारलं, “आयलीन, एकटा मॅगपाय दिसला तर तुम्ही काय करता?” तिनं विचारही केला नाही. दोन बोटं कपाळाला लावून दाखवली. “माझी आई तर गाडी थांबवून करायची,” ती म्हणाली. मी फाइल तिच्यापुढे सरकवली. तिनं वाचलं आणि चष्मा पुसायला काढला. मी म्हटलं, “तुम्ही हे तेव्हा वाचलं होतं?” “वाचलं होतं, डॉक्टर.” “मग बोलला का नाहीत?” तिनं चष्मा परत लावला. “आम्हाला वाटलं, तुम्हाला वेगळंच काही दिसलं असेल. आम्ही करतो ते नुसतं करतो. डॉक्टरनं लिहिलं म्हणजे त्यात काहीतरी असणार.” मग फाइल माझ्याकडे सरकवत, “आणि तुम्ही इतके शिकलेले होतात, डॉक्टर. इतक्या लांबून आलेले.” तिचा मला राग आला. धोबीखान्यातल्या त्या बाईनं निदान आठ वर्षांनी तरी सांगितलं. पण राग येतो तो कुणाचा, हे मला धड कळत नव्हतं.

कारण सप्टेंबरात मी इकडे यायला विमानात बसलो, त्याच्या अकरा दिवस आधी मी वाईच्या घाटावर एका कावळ्याशी बोललो होतो. वडिलांचा दहावा होता. पिंड मांडलेला, कृष्णेचं पाणी गढूळ, आणि कावळे समोरच्या पिंपळावर बसून होते, एकही खाली येईना. पाऊण तास गेला. भटजी घड्याळ बघायला लागले. काका म्हणाले, “गुरू, बोल बाबा काहीतरी. त्यांचा जीव कशात अडकलाय ते बोल.” मी एम.डी. झालेला होतो, मानसोपचारात, सुवर्णपदक होतं. मी ओले हात जोडले आणि पिंपळाकडे बघून मोठ्यानं म्हणालो, “दोन वर्षांत परत येतो. आईला एकटं ठेवणार नाही.” कावळा तत्काळ उतरला. सगळे ‘सुटलं, सुटलं’ म्हणाले. मी रडलो, आणि मला फार बरं वाटलं. कुणी माझी फाइल उघडली नाही. तीन महिन्यांनी मी इथे, नवा कोट घालून, वॉर्डाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका बाईला पाहिलं. ती पक्ष्याला विचारत होती, घरी कशी आहे बायको. मॅगपाय कावळ्याच्याच कुळातला. मला ते तेव्हाही माहीत होतं. मी पेन काढलं. पेन काढताना मला घाट आठवला होता का? हे मी आज सकाळपासून स्वतःला विचारतोय. कधी वाटतं, अजिबात नाही. कधी वाटतं, आठवला होता, आणि म्हणूनच इतक्या घाईनं लिहिलं. दोन वर्षांची चौदा झाली. आई तीन वर्षांपूर्वी गेली, मी दहाव्याला कसाबसा पोचलो. पिंड मांडला आणि पान सरळ करतोय तोच कावळा येऊन शिवला. काका म्हणाले, समाधानी गेली हो वहिनी. मला वाटलं, नाही, तिनं माझी आशा सोडली होती.

साडेदहाला मी फाइल काखेत मारून नोराकडे गेलो. ती वसतिगृहाच्या मागच्या बाकावर बसली होती, राखाडी कार्डिगन, उजवा हात खिशात. समोर हिरवळ आणि तिच्यापलीकडे टिझडलची दगडी भिंत. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. ती म्हणाली, दिवस बरा आहे. मी म्हटलं, हो, बरा आहे. मग मी सांगायला लागलो आणि सगळं उलटसुलट सांगितलं. मुलगी, बसस्टॉप, सतरावं पान. मधेच घाट आला, पिंड म्हणजे काय ते समजावत बसलो. रोग्याला असं काही सांगायचं नसतं. नोरा ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, “मी चूक केली, नोरा. ते आजाराचं लक्षण नव्हतं. तुमची इथली पद्धत होती. मी कुणालाही विचारलं नाही.”

“ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही दर सोमवारी विचारायचात, अजून पक्ष्यांशी बोलता का. मी हो म्हटलं की गोळी वाढायची. मी काय मूर्ख आहे? एके सोमवारी नाही म्हटलं. तुम्ही इतके खूश झालात! मला मायकलकडे दोन दिवस पाठवलंत.”

“म्हणजे तेव्हापासून बंद केलंत.”

“बंद?” तिनं माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत तिनं माझ्याकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं, किंवा मी पाहिलं नव्हतं. “बंद कसं करणार, डॉक्टर? एकट्या पक्ष्याला तसंच सोडून द्यायचं? वर मायकल तिकडे एकटा, त्याला काही झालं तर?” तिनं कार्डिगनचा खिसा माझ्या बाजूला वळवला. लोकरीच्या आत दोन बोटं एकदा वाकली आणि सरळ झाली. छोटासा, खिशातल्या खिशात बसेल एवढा सलाम.

मला त्या गोळीचं नाव आठवलं, डोस आठवला, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. रडू आलं. बाकावर बसून, हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात असताना, मी रडलो. नोरानं डाव्या हातानं माझ्या बाहीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाली, “यू'र ग्रँड, डॉक्टर. यू'र ग्रँड.” इथे कुणाचं काही सांडलं, फुटलं, की काही बिघडलं नाही या अर्थानं असंच म्हणतात.

अकराच्या बैठकीआधी मी कालचं मत खोडलं. फाइल बाकावरच मांडीवर घेऊन हातानं लिहिलं, टाइप करायला धीर नव्हता. पहिल्या खंडातील सतराव्या पानावरची माझी नोंद चुकीची आहे. ती या देशातली साधी चाल आहे, ती मला माहीत नव्हती आणि मी विचारलं नाही. पुढच्या सर्व नोंदी तिच्यावरून उतरलेल्या आहेत. त्यांतल्या काही माझ्याच आहेत. औषध हळूहळू कमी करावं. हाताची हालचाल हा दुष्परिणाम नाही, त्यावरची गोळीही कमी करत बंद करावी. नोरानं भावाकडे जावं. एवढं लिहून पेन थांबलं. या ओळी वाचून वकील येतील, चौकशी बसेल, शनिवारी टिझडलवर हसणारे लोक सोमवारी माझं पान काढतील. काढू देत. माझ्यापुढे सहीसाठी दोन ओळींची कोरी जागा होती, आणि मला प्रथमच स्पष्ट दिसलं की १८८१ साली ब्रिजिटच्या पानावर टिझडलपुढेही ती असणार. मी सही केली. अक्षर कुठेच कललं नव्हतं.

नोरानं वाचायला मागितलं. बोट फिरवत, ओठ हलवत, तिनं सगळं वाचलं. मग विचारलं, “मायकलकडे गेल्यावर हात बाहेर काढला तर चालेल ना, डॉक्टर?”

“चालेल की,” मी म्हणालो. “आत्तासुद्धा चालेल.”

तेवढ्यात तो आलाच. टिझडलच्या भिंतीवरून उतरला आणि हिरवळीवर टणाटणा उड्या मारत आमच्या समोर येऊन उभा राहिला, एकटा. मी नोराकडे पाहिलं. नोरानं पक्ष्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या फाइलकडे, मग माझ्या हातातल्या पेनाकडे. मी पेन खिशात घातलं. तिचा हात आतच राहिला, आणि लोकरीखाली बोटं हलली.